मागच्या अंगणातल्या पोवळघंटा

सान इसिद्रो, ॲरिझोना
१२ मार्च

मारेन,

हे पत्र तक्रारीचं नाही, हे आधीच सांगते. तू कशी आहेस हे विचारायलाही लिहीत नाही. तुला सांगायचं असतं तर अडीच वर्षांत सांगितलं असतंस. फोनचा नंबर तू बदललास. तुझ्या आईचा विस्कॉन्सिनचा पत्ता तुमच्या लग्नाच्या पत्रिकेवर होता, त्यावर पाठवतेय. पोचलं तर पोचलं.

काम एवढंच आहे. मागच्या अंगणात, दगडी पायऱ्यांच्या सावलीत, तू आणि माझ्या एफ्राइननं ती झाडं लावली होतीत ना, कोरल बेल्स? इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही, मी पोवळघंटाच म्हणते. माझा लेकही माझ्यासमोर तेच म्हणायचा. तर ती जमिनीतून वर आली आहेत. वर आली म्हणजे वाढली नाहीत. कुणी खालून ढकलावीत तशी ठोंबासकट उचलली गेली आहेत आणि मुळं उघडी पडली आहेत. यंदाच्या हिवाळ्यात रात्री माती गोठायची आणि दुपारी विरघळायची, असं फार चाललं. पानं तपकिरी पडलीत, कडा करपल्यात. मेली आहेत की जिवंत आहेत, मला कळत नाही.

मेली असतील तर उपटून टाकते आणि तिथं फरशी घालून घेते. चायो म्हणते, "दोन खुर्च्या टाक. केसांना रंग लावून बायका उन्हात बसतील, तुझ्या पार्लरमधली गर्दी तरी कमी होईल." चायोला तू विसरली नसशील. पलीकडच्या घरातली, दर पंधरवड्याला डोकं रंगवून घेणारी.

उत्तर कार्डावर दिलंस तरी चालेल. 'मेली' किंवा 'जिवंत'. एक शब्द पुरे.

तुम्ही दोघं राहायचात ते मागचं घर बंदच आहे. जाताना तू किल्ली माझ्या टपालपेटीत टाकलीस, ती मी काढून खिळ्याला अडकवली, तेवढंच. आत मी जात नाही. अंगणातही फारशी जात नाही. पाणी घालते अधूनमधून, नळी तिथंच पडलेली असते म्हणून.

एर्मिनिया बोहोर्केस

ता. क. सुनेनं सासूला नुसत्या नावानं हाक मारायची पद्धत या गल्लीत तूच आणलीस, म्हणून सही तशी केली आहे.


४ एप्रिल

मारेन,

कार्ड मिळालं. 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. पुढं गाईचं चित्र आणि मागं सूचना. डॉक्टरच्या चिठ्ठीवरसुद्धा पेशंटचं नाव असतं गं.

मी एक शब्द मागितला होता, तू मुंग्यांएवढ्या अक्षरांत कार्ड भरून टाकलंस. शेवटच्या ओळी तिकिटाभोवती फिरवल्यास. वाचताना मला ते सारखं गोल फिरवावं लागलं. चायो म्हणाली, "काय गं, मोटार चालवतेस की काय?"

जिवंत आहेत, असं लिहिलंस. मी खुर्चीवर बसून वाचलं. बसायचं कारण गुडघे, दुसरं काही नाही.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. ठोंब खणून काढले. बुंधे खरंच लाकडासारखे झाले होते, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारखे. हातानं फोडा म्हणालीस. पहिला फोडताना कोंबडीचं हाड मोडल्यासारखा आवाज आला आणि मी घाबरून तो खालीच ठेवला. वाटलं, जिवंत होती ती आता मी मारली. मग पाहिलं तर प्रत्येक फोडीला खाली पांढऱ्या मुळांची जावळं होती. खडी मिसळून, पानांच्या गळ्यापर्यंत खोल लावली. पायऱ्यांजवळ मावली नाहीत ती कॉफीच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यात लावली. 'एकही टाकू नका' याच्याखाली तू दोन रेघा मारल्यास. कार्डाला भोक पडलंय तिथं. टाकलं नाही एकही. एवढं काय त्यात, ते मात्र कळलं नाही.

पालापाचोळा झाडायचा नाही, वाळलेल्या काड्या कापायच्या नाहीत, फवारणी करायची नाही, हेही पाळतेय. पण सांगते, फार अवघड जातं. जन्मभर मी जमिनीवर पडलेलं दिसलं की झाडू घेते, माझा धंदाच तो. काल चायो मागं आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एर्मिनिया, हे अंगण बघून कुणी म्हणेल या घरात माणूस मेलंय."

बोलली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "खरंच आहे की."

मग आम्ही दोघी तिथं पायरीवर बसलो. पाचोळ्यात काहीतरी खसखसत होतं. सरडा असेल. तू ठेवलेल्या मातीच्या पसरट ताटलीत मी पाणी घातलं आहे, मधमाश्यांना उभं राहायला त्यात खडेही टाकलेत. हे तू कार्डावर लिहिलं नव्हतंस. तू करायचीस ते मी खिडकीतून बघायची.

एर्मिनिया


९ मे

मारेन,

फुलली.

काल सकाळी मागचं दार उघडलं तर सावलीत तांबडे थेंब लोंबकळत होते. देठ तारेसारखे बारीक, लांबून दिसतसुद्धा नाहीत. त्यामुळं फुलं हवेतच टांगल्यासारखी वाटतात. डब्यांतल्या दोन-तीन पिल्लांनीही एकेक काडी वर काढली आहे. एवढ्याशा जिवाला कसली घाई!

आता गंमत ऐक. चायोच्या डोक्याला लाल रंग लावून, वर फॉइल गुंडाळून मी तिला मागच्या पायरीवर बसवली होती. आणि आला. तोच तो हिरव्या पाठीचा हमिंगबर्ड, तुम्ही दोघं ज्याच्यासाठी तासन् तास मुकाट बसायचात. फुलांकडं गेलाच नाही. थेट चायोच्या कपाळासमोर येऊन थांबला आणि तिचा एकेक फॉइल तपासायला लागला. चायो डोळे मिटून म्हणते, "एर्मिनिया, मला वाचव, हा माझ्या मेंदूत चोच घालणार!" मी म्हटलं, "हलू नकोस. आत काही मिळालं नाही की जाईल आपोआप."

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग घरात आले आणि दार लावून घेतलं. ते वेगळं.

तू इथं आलीस तेव्हा विद्यार्थिनी होतीस. हमिंगबर्ड कुठल्या फुलावर किती वेळ थांबतो ते लिहून घ्यायला आली होतीस आणि जंगल खात्यानं तुला डोंगरात न्यायला माझ्या लेकाची गाडी दिली होती. त्याआधी तो पंधरा मिनिटं एका जागी बसलेला मी कधी पाहिला नव्हता. तू स्पॅनिश शिकलीस तीही पुस्तकातली. आमच्या कुत्र्यालासुद्धा 'अहो, जरा बाजूला होता का' म्हणायचीस. एफ्राइन जेवताना ते सांगायचा आणि त्याच्या नाकातून सरबत यायचं. लग्न झाल्यावर माझ्या मागच्या घरात राहायला आलात. मी चांगलं हिरवं गवत राखलं होतं तिथं. ते तू खणून काढलंस आणि इथल्या मातीतलीच झाडं लावणार म्हणालीस. मी महिनाभर फुगून बसले होते. आठवतं?

एक विचारायचं होतं. रागानं विचारत नाही.

तू गेलीस त्या दिवशी मी तुझ्यासाठी सूप घेऊन मागं आले होते. एफ्राइन गेला त्या जुलैपासून तू काही खात नव्हतीस, म्हणून रोज आणायचेच. दाराला कुलूप. मी हाका मारल्या. मग खिडकीतून पाहिलं तर पलंगावरची चादर घडी घालून ठेवलेली. सूप हातातच गार झालं. मी तुला काही बोलले होते का? मनातल्या मनात सगळं उलटंपालटं करून पाहिलं. सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

नसेल सांगायचं तर फुलं गेल्यावर देठ ठेवायचे की कापायचे, तेवढं कळव.

एर्मिनिया


१७ जून

मारेन,

जाड पाकीट पाहून मला आनंद झाला होता. पार्लरचं दार लावून घेतलं आणि वाचायला बसले.

'एर्मिनिया, तुम्ही हसता तेव्हा तुमची डावी भुवई वर जाते. त्याची जायची तशीच. तुमची हनुवटी तीच, चहाच्या कपावर फुंकर घालायची तऱ्हा तीच. तुम्ही रोज सकाळी वाटी घेऊन दारात उभ्या राहायचात आणि क्षणभर तोच आल्यासारखा वाटायचा. रोज तो यायचा आणि रोज त्याच्या जागी तुम्ही निघायचात. मला ते सोसेना. तुमच्याकडं बघून निरोप घेता आला नसता.'

हे मी तुझंच तुला लिहून दाखवतेय, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलं.

मग माझा चेहरा मी कुठं ठेवू? सांग ना. तुला तो सकाळी घटकाभर दिसायचा. माझा धंदा आरशासमोरचा आहे. मी दिवसभर दुसऱ्यांचे केस कापते आणि मान वर केली की तो समोर उभा असतो. मी गाव सोडलं का?

आणि शेवटच्या पानावर तो कार्स्टेन. गाईंचा डॉक्टर. स्वभावानं शांत. ऑक्टोबरात लग्न. मधेच, कुठंही नीट जागा नसल्यासारखं, तिकडच्या पोवळघंटांबद्दल लिहिलंस. तिकडं रानात त्यांची एक बहीण असते म्हणे, हिरवट फुलांची, केसाळ देठांची, जवळ गेल्याशिवाय दिसतही नाही अशी. ती तू दाराशी लावलीस आणि तीही तुला आवडते. छान आहे. तुला काहीही आवडू शकतं.

बागेला पाणी घालणं मी बंद केलं आहे. आता लिहू नकोस.

ए. बोहोर्केस


१६ जुलै

मारेन,

काल त्याच्या नावाची प्रार्थना झाली. तीन वर्षं. तू इकडं नव्हतीस, पण तुझ्या नावाची मेणबत्ती लावली. मी नाही, चायोनं लावली. मी ती विझू दिली नाही, एवढंच.

पाणी बंद केलं होतं हे खरं आहे. जूनचं ऊन तुला माहीत आहे. दोन दिवसांत पानं ओल्या हातरुमालासारखी लोळली. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग वाटलं, माझं भांडण त्यांच्याशी कुठं आहे? दुपारी बायका गेल्या की गुपचूप जाऊन नळी सोडायला लागले. तरी डब्यांतली एक-दोन सडायला लागली. मला कळेना. एकदा सकाळी लवकर उठले तर चायो आमच्या कुंपणावरून वाकून तिच्या नळीनं पाणी घालतेय! "तू रागावली होतीस ना," म्हणाली, "मग कुणीतरी घालायला नको?" दोघी चोरून घालत होतो. बिचारी झाडं पोहायला शिकली असती. तीन डबे गेले. बाकीची टवटवीत आहेत.

आता जे लिहायला बसले ते. प्रार्थनेनंतर तावो घरी आला. एफ्राइनबरोबर जंगल खात्यात होता तो. गणवेश घालून आला होता. बीन्स खाल्ले, कॉफी प्याला आणि मग म्हणाला, "डोन्या एर्मिनिया, मागचं अंगण बघू का?"

पायऱ्यांपाशी त्यानं टोपी काढली. मला वाटलं ऊन लागतंय. मग पाहिलं तर तो वाकून डबे मोजत होता.

"एवढी केलीत तुम्ही?" म्हणाला.

"मारेननं कार्डावर लिहिलं, मी केली. का रे?"

तावोनं सांगितलं तेव्हा मला सगळं कळलं. या नुसत्या पोवळघंटा नाहीत, ओसो दरीतल्या आहेत. तुम्ही दोघांनी झऱ्याजवळच्या कातळावरून खात्याची परवानगी काढून बी आणलं होतंत. दाण्यांची नुसती धूळ ती, मातीनं झाकायचीसुद्धा नाही, अशी सांभाळून इथं उगवलीत. मग त्या जूनमध्ये दरी जळली. जुलैत उघड्या डोंगरावर पाऊस पडला, राखेचं पाणी आलं आणि कातळावर जे उरलं होतं तेही गेलं. आणि त्याच पाण्यात, रस्त्याचं फाटक बंद करायला गेलेला माझा मुलगा.

तावो म्हणाला, "आग विझली त्या दिवशी तो मला बोलला होता. तावो, आता ओसोतल्या तेवढ्या आईच्या अंगणात उरल्यात."

आईच्या अंगणात. 'आमच्या' नाही म्हणाला. मी तावोला ते पुन्हा बोलायला लावलं.

हे तू मला का नाही सांगितलंस? 'एकही टाकू नका' एवढंच लिहिलंस आणि मी फरशी घालायला निघाले होते. का ते कळतंय म्हणा. सांगायचं तर दरीचं नाव घ्यावं लागलं असतं.

तावो म्हणतो, जळलेल्या ओक झाडांना बुडातून फुटवे आलेत, कातळावर पुन्हा सावली पडायला लागली आहे. पावसात लावल्या तर धरतील. पण आधी कुठल्या कपारीत होत्या, कुठल्या बाजूला ओल टिकते, ते त्याला माहीत नाही. ते तुम्हा दोघांनाच माहीत होतं आणि त्यातली तू एकटी उरलीस.

ऑगस्टमध्ये ये. मागचं घर उघडते. कार्स्टेनला आणायचं तर आण, तो हायवेवरच्या मोटेलात राहील.

जूनच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहिलं. ते परत घेत नाही, पण तू ते फाडून टाकलंस तरी माझी हरकत नाही.

एर्मिनिया


३ सप्टेंबर

मारेन,

तू इथं येऊन गेलीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, मग पुन्हा काय लिहायचं, असं चायो म्हणते. पण अर्ध्या गोष्टी तुझ्या पाठीमागं झाल्या आणि अर्ध्या वेळी तू डोळे मिटून होतीस. त्या सांगते.

तू एकटीच आलीस. संध्याकाळभर माझ्या ॲप्रनशी बोललीस. "कशा आहात" हे माझ्या खिशाला विचारलंस, "एन्चिलादा छान झालेत" हे माझ्या चपलांना सांगितलंस. मला राग आला नाही. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की मीच मान खाली घालून वाढत होते. दोन बायका एका टेबलाशी बसून बशीकडं बघत जेवल्या. चायोनं बाहेरून पाहिलं आणि तिला वाटलं आपण देवाचं नाव घेतोय.

सकाळी तावोच्या गाडीत डबे चढवताना तू विचारलंस, "एर्मिनिया, येता का?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही गेलात आणि मी पार्लरच्या खुर्चीत बसून राहिले. तीन वर्षांत मी त्या रस्त्यानं गेलेले नाही. बाजारालाही लांबच्या वाटेनं जाते.

दुपारी वर डोंगरात गडगडलं.

आमच्याकडं आभाळ निळं होतं. त्या दिवशीही निळंच होतं. मी दारात आले. डोंगराच्या माथ्यावर काळं झालं होतं आणि त्यातून पावसाचे दोर खाली सुटले होते, नेमके ओसोच्या बाजूला. तुझा फोन लागेना, तावोचा लागेना. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. चायो आली, "आत चल" म्हणाली, मी हललेच नाही. मग तीही उभी राहिली, माझा दंड धरून. मोटारी आम्हाला वळसा घालून जात होत्या. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एक ठरवलं होतं. आता जर कुणी गणवेशातला माणूस टोपी हातात घेऊन आला, तर त्याला बोलूच द्यायचं नाही.

आणि तावोची गाडी वळणावर दिसली. तुम्ही दोघं चिखलानं भरलेले आणि हसत होतात. हसत! लावून झाल्यावर गडगडाट ऐकून वरच्या बाजूनं चढलात, तू घसरलीस, म्हणून उशीर झाला, हे नंतर कळलं. त्या क्षणी मी तावोला काय म्हटलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्याच्या आईनंही त्याला कधी तसं म्हटलं नसेल. तो टोपी काढून उभा राहिला आणि मला आणखी राग आला. "टोपी घाल," म्हणून ओरडले, "आधी ती टोपी घाल डोक्यावर!"

मग मी तुला म्हटलं, "बस." कारण तुझ्या केसांत चिखल होता आणि मला दुसरं काही येत नाही.

तू बेसिनवर मान टाकून डोळे मिटलेस. तेव्हाचं सांगते. पहिल्या पाण्याबरोबर काळा गाळ आला. अजून राख आहे त्या मातीत, मारेन. वाळू, ओकच्या पानाचा चुरा, एक चपटा खडा. मी नळ बंद केला. तुला वाटलं मी शाम्पू शोधतेय. मी बेसिनमध्ये बघत उभी होते. जिथं मला जाववत नव्हतं ती दरी माझ्या हाताखाली आली होती. त्याला माझ्याकडं आणलं तेव्हा धुवून, कपडे घालून आणलं होतं. मला त्याला न्हाऊ घालायचं होतं. मी मागितलं होतं. बघू नका म्हणाले सगळे, आणि ते माझ्या भल्यासाठीच असेल.

म्हणून तुझे केस मी इतका वेळ धुतले. पाणी गार झालं तरी धुतले. तुला कळलं होतं असं मला वाटतं. तुझ्या डोळ्यांतून पाणी कानांकडं चाललं होतं आणि ते शाम्पूमुळं नव्हतं.

मग तुला आरशासमोर बसवली. मी तुझ्या मागं. सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणते तसं म्हटलं, "मान सरळ." तू नजर वर केलीस. आरशात पळायला जागा नसते, म्हणून असेल, तू बघितलंस. आधी हनुवटी, मग तोंड, मग डोळे. मी कात्री धरून गप उभी राहिले. फोटो काढताना राहतात तशी. मनात म्हटलं, बघ बाई, पोटभर बघून घे. माझ्याकडं दुसरं काही नाही त्याचं द्यायला.

"भुवई वर जात नाही आता," तू म्हणालीस.

"हसायला लावशील तर जाईल. तीन वर्षांत कुणी लावलंय?"

"चायोच्या डोक्यावर हमिंगबर्ड आला होता ना?"

आणि गेलीच ती मेली वर. तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. मी तुझे खांदे धरून ठेवले. सुटले असते तर मीच पडले असते.

खालची टोकं तेवढी कापली. लांबी ठेवली आहे. लग्नात वर बांधायला पुरतील एवढे केस आहेत, मी मापून पाहिलं.

लग्नाला तू मला बोलावलंस. तोंडदेखलं नाही, मनापासून बोलावलंस, ते कळलं मला. दारात उभं राहून 'येईन' म्हटलं, पण मी येणार नाही. रुसून नाही. मी तिथं पुढच्या बाकावर बसले तर तुझ्या नजरेसमोर कोण बसेल, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्या दिवशी तो तिथं नको. कार्स्टेननं काय पाप केलंय? तावो सांगत होता, तू दरीत लावताना कार्स्टेनला फोन लावून प्रत्येक कपार दाखवायला बघत होतीस आणि रेंज नव्हती. ज्याला असं दाखवावंसं वाटतं तो माणूस बरा असणार.

तू गेल्यावर मी मागच्या घरात गेले. खिडक्या उघडल्या. एफ्राइनचे बूट तावोला दिले, त्याला होतात. सदरे अजून नाही दिले. एक तारखेपासून शाळेतली नवी शिक्षिका राहायला येणार आहे. तिला बजावून सांगितलं आहे की अंगण झाडायचं नाही, फवारणी करायची नाही, नाहीतर दुसरं घर बघ. तिनं विचारलं, "तुम्हाला एवढी आवड कशी काय?" मी म्हटलं, "सवय."

काल तावो दरीत जाऊन आला. परवाच्या पावसानं खालच्या कपारीतल्या सगळ्या वाहून गेल्या. वरच्या बाजूच्या, तू झऱ्याच्या डावीकडं लावलेल्या, धरून आहेत. किती जगतील ते हिवाळा सांगेल. मला यायचंय का, असं त्यानं विचारलं. अजून नाही, म्हणाले. पण बाजाराला काल जवळच्या वाटेनं गेले.

आता एक शेवटचं. मार्चपासून मी तुला बागेचं विचारत आले आणि तू सांगत आलीस. फुटवे कसे काढायचे, खोल किती लावायचं, बी कधी पिकतं, देठ कधी कापायचे, सगळं शिकले मी. थंडीत ठोंब वर आले तर पुन्हा कसे दाबायचे तेही येतं. यापुढं तुला विचारायला माझ्याकडं त्यातलं काही उरलेलं नाही. उगाच न समजल्याचं सोंग आणून लिहायचं, ते मला जमायचं नाही.

तेव्हा बागेसाठी उत्तर पाठवू नकोस. दुसरं काही लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर तेही मला समजेल. टपालवाला अकराच्या सुमारास येतो, त्या वेळी मी एरवीही दारातच असते.

एर्मिनिया